तात्पुरत्या टाकीतली प्रवाळं तिसऱ्या-चौथ्या दिवशी का मिटतात?

घरातल्या समुद्री मत्स्यालयाच्या, म्हणजे प्रवाळं पाळायच्या टाकीच्या, जोडातून कधी पाणी झिरपायला लागतं, कधी घराला रंग द्यायचा असतो, कधी घरच बदलायचं असतं. मग प्रवाळांची रवानगी दोन-तीन आठवड्यांसाठी एखाद्या छोट्या टाकीत होते. हलवाहलव नीट पार पडते. पहिल्या दिवशी सगळी जरा रुसून बसतात, दुसऱ्या दिवशी उमलतात, आपण निर्धास्त होतो. आणि तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी सकाळी दिवा लागतो तेव्हा निम्म्याहून जास्त मिटलेली असतात.

हाच प्रकार मी स्वतःच्या आणि ओळखीच्यांच्या टाक्यांत इतक्या वेळा निस्तरलाय की आता फोनवर पहिलं वाक्य ऐकलं की पुढचे प्रश्न आपोआप तोंडून निघतात. दोष बहुतेक वेळा हलवण्यात नसतो. मोठ्या ओहोटीला समुद्रातल्या उथळ भागातली प्रवाळं तासभरही उघडी पडतात आणि तरी जगतात. बादलीतून टाकीत जाताना लागलेली दोन मिनिटांची हवा त्यांना मारत नाही. मारतं ते नंतरचं पाणी. पाणी थोडं असलं की भराभर बदलतं, आणि ते बदलल्याचं आपल्याला कळतं तिसऱ्या दिवशी, प्रवाळांच्या तोंडून.

अशा वेळी बहुतेकांचा हात औषधाच्या बाटलीकडे जातो. तो जाऊ नये म्हणून हा क्रम लिहितोय. फुकटच्या तपासण्या आधी आहेत, खर्चाच्या आणि जोखमीच्या शेवटी.

आधी लक्षणं

टाकीसमोर खुर्ची ओढून बसा आणि एकाच प्रश्नाचं उत्तर शोधा: सगळी बिघडलीत की एखाददुसरंच? सगळी एकदम मिटली असतील तर दोष पाण्यात आहे. एकच बिघडलं असेल तर त्याची जागा, त्याचा शेजारी किंवा त्याचा स्वतःचा आजार. फक्त वरची, दिव्याकडची बाजू फिकट झाली असेल तर दिवा. एवढ्या एका निरीक्षणावर पुढच्या निम्म्या तपासण्या वाचतात.

काही लक्षणं दिसायला भयंकर, पण निरुपद्रवी असतात. सार्कोफायटनसारखी चामडी प्रवाळं पॉलिप, म्हणजे फुलासारखी तोंडं, आत ओढून घेतात आणि अंगावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा धरतात. चार-सहा दिवसांत तो पापुद्रा सुटतो आणि खालून ताजं अंग दिसतं. झोअँथस दोन-चार दिवस मुठी मिटून राहतात, ग्रीन स्टार पॉलिपचा गालिचा आठवडाभरही जांभळ्या चटईसारखा निपचित पडू शकतो. हलवल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत सुटणारा बुळबुळीत स्राव तर अगदी स्वाभाविक. या सगळ्यांवर एकच इलाज आहे, हात न लावणं.

आजच हात घालायला हवा अशी लक्षणं वेगळी. अंग शाबूत आहे पण रंग उडालाय आणि आतला पांढरा सांगाडा काचेतून दिसावा तसा दिसतोय, तर प्रवाळाने आपल्या शरीरात राहणारी शैवालं बाहेर टाकली आहेत. ऊब किंवा प्रकाश जास्त झालाय. अ‍ॅक्रोपोराची (कडक फांद्यांच्या प्रवाळाची) टोकं करपल्यासारखी पांढरी पडली असतील तर अल्कलिनिटीचा, म्हणजे पाण्याच्या आम्ल झेलायच्या क्षमतेचा, संशय घ्या. युफिलिया या मांसल प्रवाळाची डोकी सुकून आतल्या सांगाड्याच्या धारदार कडा वर दिसायला लागल्या असतील, तर ती बरेच दिवस त्रासात आहेत.

आणि दोन लक्षणं अशी की हे वाचत बसू नका, थेट खालच्या "इथे थांबा" या भागाकडे जा. एक, मांसल थर तासातासाला सुटून खालचा सांगाडा पांढराशुभ्र उघडा पडतोय. दोन, एखाद्या डोक्यावर तपकिरी, शेंबडासारखा, कुजका वास येणारा गोळा बसलाय.

पहिली तपासणी: काहीच करू नका, फोटो काढा

हे मी थट्टेने म्हणत नाही. रोज ठरलेल्या वेळी, त्याच कोनातून, निळा दिवा बंद करून पांढऱ्या प्रकाशात फोटो काढा. आपली नजर रोज बघून मरते. कालच्यापेक्षा आज मांस किती मिलिमीटर सरकलं हे फोटोच सांगतो. आणि मिटलेलं प्रवाळ "इथे आवडलं नसेल" म्हणून दिवसातून तीन जागा बदलत राहिलात, तर नेमकी कोणती जागा मानवली नाही हे कधीच कळणार नाही. एकदा ठेवलं की किमान तीन दिवस तिथेच.

रात्री दिवे गेल्यावर तासाभराने टॉर्च मारून बघा. मूळ टाकीच्या दगडातून आलेला एखादा खेकडा छोट्या जागेत अचानक डोईजड होतो.

दुसरी: तापमान, पण दोन थर्मामीटरनी

२५ ते २६ अंश सेल्सिअस ठीक आहे. आकड्यापेक्षा महत्त्वाचा आहे चढउतार. पहाटे आणि दिवे बंद व्हायच्या आधी असं दिवसातून दोनदा मोजा. फरक १ अंशाच्या आत हवा. प्रवाळांच्या पांढरं पडण्यावर उपग्रहातून लक्ष ठेवणारे शास्त्रज्ञ धोक्याची रेघ ओढतात ती त्या जागेच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीच्या फक्त १ अंश वर. तेवढीच वाढ काही आठवडे टिकली तर आख्खा प्रवाळखडक पांढरा पडू शकतो. छोट्या टाकीत जवळ टेकवलेला दिवा आणि दोन पंप मिळून दुपारी २ अंश सहज चढवतात.

दोन थर्मामीटर यासाठी की हीटरवरचा आकडा हा त्याने धरलेलं पाण्याचं तापमान नसतं, ती फक्त त्याची इच्छा असते. दोघांत मतभेद असेल तर तिसरा आणा. तापमान जास्त निघालं तर बर्फ टाकू नका. दिव्याचे तास कमी करा, झाकण काढा, पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा सोडा. मात्र पंखा लावला की पुढची तपासणी दुपटीने महत्त्वाची होते.

तिसरी: क्षारता. इथे रेंगाळा

मी पाहिलेल्या प्रकरणांत सर्वांत जास्त वेळा गुन्हेगार इथेच सापडला आहे, आणि तिसऱ्या दिवसाचं कोडंही इथेच सुटतं.

हिशोब करून बघा. ४० लिटरची टाकी, क्षारता (पाण्यातल्या मिठाचं प्रमाण) ३५ पीपीटी, म्हणजे हजार भागांत ३५, समुद्राइतकी. पंख्यामुळे रोज १ लिटर पाणी उडतंय. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. तीन दिवसांनी ३७ लिटर उरलं आणि क्षारता झाली जवळजवळ ३८. हेच ३ लिटर ४०० लिटरच्या मूळ टाकीतून उडाले असते तर आकडा ३५.३ झाला असता आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं. मूळ टाकीला कदाचित आपोआप पाणी भरणारी यंत्रणा होती. तात्पुरत्या टाकीला "तीन आठवड्यांचाच तर प्रश्न आहे" म्हणून ती लावली नाही. घात तिथेच झाला.

यापेक्षा वाईट म्हणजे कमी झालेलं पाणी भरताना खारं पाणी ओतणं. एकदा एका मित्राच्या टाकीत ४१ पीपीटी मोजलं होतं. बिचारा रोज न चुकता पाणी भरत होता, पण बादली मिठाच्या पाण्याची. उडतं ते गोडं पाणी, म्हणून भरायचंही गोडंच, आरओचं. खारं पाणी फक्त पाणी बदलताना.

उपाय फुकटचा आहे. टाकीच्या काचेवर पाण्याच्या रेषेला चिकटपट्टी लावा. सकाळ-संध्याकाळ त्या रेषेपर्यंत आरओचं पाणी भरा, पंपाच्या तोंडाजवळ थोडं थोडं, प्रवाळांवर थेट नाही.

आता मोजण्याबद्दल. हेलकावणाऱ्या काट्याचा प्लॅस्टिकचा हायड्रोमीटर वापरत असाल तर काट्याला चिकटलेला एखादा बुडबुडा आकडा चढवतो आणि साचलेलं मीठ तो उतरवतो. रिफ्रॅक्टोमीटर असेल तर तो ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर लावून घ्या. निव्वळ शुद्ध पाण्यावर शून्य जुळवलं की झालं असं बरेच जण समजतात. पण शून्यावर खरं बोलणारं यंत्र ३५ वर खोटं बोलू शकतं. आणि एकच यंत्र दोन्ही टाक्यांना वापरा. दोन यंत्रांच्या भांडणात प्रवाळ मरतं.

आकडा चुकलेला निघाला तर एका झटक्यात सुधारू नका. दिवसाला १ पीपीटीच्या आसपास, त्याहून वेगात नाही. आणि कुठे आणायचा? पुस्तकातल्या ३५ वर नाही. मूळ टाकी वर्षभर ३३ वर चालली असेल तर तात्पुरतीही ३३ वरच. नव्या घरात येऊन लगेच सवयी सुधारायला प्रवाळांना सांगू नये.

चौथी: नाक आणि अमोनिया

झाकण काढून वास घ्या. चांगल्या टाकीला समुद्राचा, किंचित ओला वास असतो. कुजका किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला तर पहिला प्रश्न: मूळ टाकीतली वाळू आणली आहे का? जुन्या वाळूच्या खालच्या थरात, जिथे प्राणवायू पोचत नाही तिथे, हायड्रोजन सल्फाइड साठतो. वाळू ढवळली की तो आणि सोबतची घाण पाण्यात येते. तात्पुरत्या टाकीत वाळू नकोच, तळ मोकळा ठेवा. आणली असेल तर प्रवाळं बाहेर काढून ती हळूच उपसा.

दुसरा संशयित म्हणजे दगड. हलवताना दगड तासभर बाहेर कोरडा पडला तर त्यावरचे स्पंज आणि बारीकसारीक जीव मरतात, आणि त्यांचं कुजणं दोन-तीन दिवसांनी अमोनिया म्हणून दिसायला लागतं. हाही तिसऱ्या दिवसाचाच उमेदवार.

पाणी जुनं वापरलं म्हणजे जिवाणू आले, हा समज सोडा. अमोनिया खाणारे जिवाणू मुख्यतः दगडावर आणि फिल्टरच्या स्पंजवर राहतात, पाण्यात फार थोडे. जुनं पाणी आणायचं ते रसायन सारखं राहावं म्हणून, आणि ते टाकी ढवळण्याआधी, वरून उपसून. जिवाणू हवे असतील तर चालू टाकीतले दोन दगड आणि न धुतलेला स्पंज आणा.

अमोनियाच्या किटमध्ये रंग दिसला तर २५-३० टक्के पाणी बदला. नवं पाणी त्याच क्षारतेचं, त्याच तापमानाचं, आणि आदल्या दिवशी पंप सोडून नीट विरघळवलेलं. अमोनिया बांधून ठेवणारं द्रावण टाकलं असेल तर लक्षात ठेवा, बऱ्याच किटना बांधलेला आणि मोकळा अमोनिया वेगळा ओळखता येत नाही. रंग तसाच राहतो, माणूस घाबरून दुप्पट डोस टाकतो. मासे त्याच टाकीत असतील तर शक्य झाल्यास त्यांना वेगळं ठेवा. तेही जमत नसेल तर खाणं निम्म्यावर आणा. प्रवाळांना मुद्दाम भरवणं पूर्ण बंद.

पाचवी: प्रवाह

प्रवाळ जागचं हलत नाही, म्हणून श्वास त्याच्याकडे चालत यावा लागतो. अंगाला चिकटून असलेला पाण्याचा पातळ थर प्रवाह सतत धुऊन नेतो. तो साचला की प्राणवायू आत जात नाही आणि स्राव बाहेर जात नाही. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबलं की हे जास्तच जाणवतं. तात्पुरत्या टाकीत किमान एक पॉवरहेड (प्रवाह देणारा छोटा पंप) हवा, पाण्याचा पृष्ठभाग हलता हवा. पण युफिलियावर थेट झोत नको, एका बाजूचं मांस सांगाड्यावर घासून फाटतं. झोत काचेवर मारा, परतून येणारं पाणी पुरतं. वीज जात असेल तर बॅटरीवरचा हवेचा पंप आधीच जोडून ठेवा.

सहावी: दिवा

मूळ टाकी ६० सेंटिमीटर खोल होती आणि प्रवाळ तळाशी होतं. तात्पुरती ३० सेंटिमीटरची, आणि तोच दिवा तिच्या काठावर टेकवलाय. प्रवाळाच्या दृष्टीने हे म्हणजे सावलीतून उठून भर दुपारी उन्हात बसणं. त्यातून पाणी नवं, स्वच्छ, पिवळेपणा नसलेलं. प्रकाश आणखी आत पोचतो. शरीरातली शैवालं सावलीला सरावलेली असतात, भरपूर प्रकाश झेलायला लागणारी त्यांची तयारी व्हायला आठवडे लागतात. तोवर जादा प्रकाशातून तयार होणारा प्राणवायूचा तिखट प्रकार पेशींनाच जाळतो, आणि प्रवाळ शैवालांना हाकलून देतं. ऊब आणि प्रकाश दोन्ही एकदम वाढले तर हे दुप्पट वेगाने होतं.

पार मीटर (प्रवाळाला उपयोगी प्रकाश मोजणारं यंत्र) मिळत असेल तर मऊ आणि मांसल प्रवाळांना ५० ते १५०, अ‍ॅक्रोपोरासारख्या कडक फांद्यांच्या प्रवाळांना २०० ते ३५० असा अंदाज धरा. मीटर नसेल तर दिवा वर टांगा किंवा टाकीवर प्लॅस्टिकच्या जाळीचे तीन-चार थर टाका आणि तीन-तीन दिवसांनी एकेक काढा. निळ्या-पांढऱ्याची टक्केवारी घोळत बसण्यापेक्षा जाळी प्रामाणिक. सुरुवातीला दिवसाचे सहा-सात तास पुरतात.

खरं सांगायचं तर मुक्काम तीन आठवड्यांचाच असेल तर प्रकाश मूळच्या पातळीला आणायची घाईच करू नका. कमी प्रकाशाने प्रवाळ थोडं तपकिरी पडेल, वाढ थांबेल. दोन्ही भरून येतं. जास्त प्रकाशाने पांढरं पडलेलं प्रवाळ परत रंगावर यायला महिने घेतं, कधी येतही नाही.

सातवी: शेजारी

मोठ्या टाकीत हातभर अंतर राखून राहणारी मंडळी इथे खांद्याला खांदा लावून बसलेली असतात. गॅलॅक्सिया आणि युफिलिया रात्री डंखाचे लांब धागे सोडतात. शेजाऱ्याच्या एकाच बाजूला पांढरा पट्टा उमटला तर तो डंख समजा. अशा दोघांमध्ये १५ सेंटिमीटरचं तरी अंतर हवं. जागा नसेल तर मध्ये प्लॅस्टिकची जाळीची भिंत लावा, मात्र प्रवाह अडवू नका.

चामडी प्रवाळांचं युद्ध दिसत नाही. सार्कोफायटन आणि सिन्युलारिया शेजाऱ्यांना दडपणारी रसायनं पाण्यात सोडतात. ४०० लिटरमध्ये ती विरून जातात, ४० लिटरमध्ये विरत नाहीत. जाळीच्या पिशवीत सक्रिय कोळसा घालून प्रवाहात टांगा आणि आठवड्याने बदला. स्वस्त आहे, नुकसान नाही. मी तर तात्पुरत्या टाकीत पहिल्या दिवसापासूनच लावतो.

आठवी: अल्कलिनिटी आणि पोषण

इथे आणखी किटचा खर्च. समुद्राची अल्कलिनिटी साधारण ७ डीकेएच (हे तिचं एकक) असते. काही मिठांचं ताजं द्रावण ११-१२ भरतं. मूळ टाकी ८ वर स्थिर असेल आणि तात्पुरती पूर्ण नव्या पाण्याने भरली असेल तर एका तासात ३-४ अंकांची उडी बसली. अ‍ॅक्रोपोराची टोकं करपतात ती अशी, त्यातही पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट जवळपास शून्य असतील तेव्हा जास्त. कॅल्शिअम ४०० ते ४५० आणि मॅग्नेशिअम १३०० पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) आसपास असेल तर त्यांच्या मागे लागू नका, तीन आठवड्यांत त्यांनी प्रवाळ मारल्याचं मी पाहिलेलं नाही.

अल्कलिनिटी उतरवायला काही टाकू नका. जुन्या टाकीतलं पाणी उरलं असेल तर त्याने थोडं थोडं बदला, नाहीतर ती हळूहळू वापरली जाऊ द्या. नायट्रेट शून्य असणं हे स्वच्छतेचं प्रमाणपत्र नव्हे. ५ पीपीएमच्या आसपास असलेलं बरं.

नववी: टाकीचा इतिहास

ही तपासणी आठवणीची आहे, म्हणून अवघड. ही टाकी याआधी कशासाठी वापरली होती? माशांच्या आजारावर तांब्याचं औषध देऊन झालेली "दवाखान्याची" टाकी पुसून प्रवाळांना दिली, तर ते तांबं जोडांच्या सिलिकॉनमध्ये आणि जुन्या दगडांत शिरलेलं असू शकतं आणि हळूहळू परत सुटतं. माशांना जगवणारं तांब्याचं प्रमाण प्रवाळांसारख्या कणा नसलेल्या प्राण्यांना मारतं. माझ्याकडून हे एकदा झालंय. टाकी तीनदा धुतली होती, किट शून्य दाखवत होतं, तरी आठवड्यात निम्मी प्रवाळं गेली. किटला जे दिसत नाही तेही प्रवाळाला बाधतं. तेव्हापासून औषधाच्या टाकीवर कायमच्या शाईने तसं लिहून ठेवतो.

मग बादली: फरशी पुसायची तर नव्हती ना? पितळी जोड, तांब्याची नळी, जस्ताचा पत्रा कुठे पाण्याला लागतोय का? काच घासायच्या चुंबकाचं प्लॅस्टिक फुटून आतलं लोखंड गंजलंय का? घराच्या रंगकामासाठीच टाकी हलवली असेल तर रंगाची वाफ हवेच्या पंपाने थेट पाण्यात ओढली जाते. कीटकनाशकाचा फवारा, डास मारायचं यंत्र यांचंही तेच. प्रवाळांआधी कोळंबी लोळायला लागली तर संशय तिकडेच घ्या. हवेचा पंप दुसऱ्या खोलीत ठेवून नळी आत घ्या, कोळसा बदला, धातू शोषणारी गादी टाका आणि मोठं पाणी बदला. तांब्याची खात्रीच झाली तर टाकी सुधारायच्या भानगडीत पडू नका. टाकीच बदला.

इथे थांबा

पाण्यात बोट घातल्यावर, विशेषतः बोटावर जखम असताना, झिणझिण्या आल्या तर हात लगेच बाहेर काढा आणि पुन्हा आत घालू नका. कोरड्या हाताने मुख्य स्विच बंद करा. पाण्याची पातळी उतरल्यावर उघडा पडून तडकलेला हीटर हे नेहमीचं कारण. पण कोणतं उपकरण हे एकेक प्लग काढून बोटाने शोधायचा खेळ खेळू नका. इलेक्ट्रिशियनला बोलवा, आणि तो आलाच आहे तर या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या.

तपकिरी गोळ्याचा आजार युफिलियात दिसतो आणि डोक्याडोक्याने पसरतो. आधी प्रवाह बंद करा, नाहीतर तो गोळा टाकीभर उडेल. बारीक नळीने तो ओढून बाहेर टाका. प्रवाळ वेगळ्या भांड्यात त्याच टाकीच्या पाण्यात घ्या, बाधित डोकं सांगाड्यासकट कापा, उरलेल्याला आयोडीनच्या द्रावणात बाटलीवर लिहिलं असेल तेवढाच वेळ बुडवा. उचलण्याआधी पाण्यातच हलकेच हात हलवून त्याला आकसू द्या. पाण्याने फुगलेलं मांस हवेत उचललं तर स्वतःच्या वजनाने फाटतं.

मांस तासागणिक सुटत असेल तर सुटलेल्या रेषेच्या वर १-२ सेंटिमीटर सोडून, निरोगी भागात कापा आणि तो तुकडा, म्हणजे फ्रॅग, दुसऱ्याच्या चालू टाकीत द्या. दुसऱ्या दिवशी त्या फ्रॅगवरही रेष दिसली तर आणखी कापत बसण्यात अर्थ नाही. मत्स्यालयातल्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य किंवा वर्षानुवर्षं प्रवाळ पाळणारा जाणकार गाठा. नसेल कुणी तर उरलेल्यांना वाचवा. प्रतिजैविकं स्वतःच्या अंदाजाने टाकू नका, फिल्टरचे जिवाणू मरतील आणि अमोनियाचा फेरा पहिल्यापासून सुरू होईल.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. झोअँथस आणि पॅलिथोआ कापताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं. १९७१ साली हवाई बेटांवरच्या पॅलिथोआतून ते वेगळं केलं गेलं; ज्ञात नैसर्गिक विषांत ते अत्यंत जहाल गणलं जातं. टाकी रिकामी करताना या प्राण्यांनी भरलेले दगड उकळत्या पाण्यात टाकणं, गरम पाण्याच्या फवाऱ्याने किंवा कोरडेच ब्रशने घासणं, हे करू नका. विष वाफेतून आणि तुषारांतून घरभर पसरतं. दगड हाताळल्यानंतर तोंडाला कडवट किंवा धातूसारखी चव, खोकला, ताप, दम लागणं, स्नायू दुखणं, डोळे चुरचुरणं यांपैकी काहीही झालं तर घरातल्या सगळ्यांना आणि पाळीव प्राण्यांना बाहेर काढा आणि तडक रुग्णालयात जा. डॉक्टरांना "पॅलिटॉक्सिन" हा शब्द स्पष्ट सांगा. हा संशय आपणहून कुणाच्या डोक्यात येत नाही.

सगळं तपासूनही प्रवाळं मिटतच असतील

तर टाकीशी झुंजत बसू नका. वर्षभर स्थिर चाललेली, आजार नसलेली टाकी ज्याच्याकडे आहे अशा ओळखीच्या माणसाला फोन करा आणि प्रवाळं तिकडे पाठवा. अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास असेल तर पिशवी तरंगवून तापमान जुळवणं आणि क्षारता तपासणं पुरे. प्रवास लांबचा असेल तर पिशवी उघडून थेंबथेंब पाणी सोडत तासन्‌तास ठेवू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो आणि त्यामुळे साचलेला अमोनिया सौम्य रूपात राहतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. तापमान जुळलं की बाहेर काढा.

मूळ टाकी दुरुस्त झाली की परतीचा प्रवासही असाच मोजूनमापून. त्या दिवशी दोन्ही टाक्यांची क्षारता, तापमान आणि अल्कलिनिटी एकाच यंत्राने, एकाच किटने मोजा. फरक असेल तर तात्पुरती टाकी दोन-तीन दिवस आधीपासून मूळ टाकीच्या आकड्याकडे सरकवा. दिव्याला पुन्हा जाळी लावा. आणि प्रवाळं परत गेली म्हणून तात्पुरती टाकी त्याच दिवशी रिकामी करू नका. पंप, हीटर आणि दोन दगडांसकट ती आणखी आठवडाभर चालू ठेवा, रेषेपर्यंत गोडं पाणी भरत.